बडीशेपेचा वास

पाकीट फोडलं की आधी बडीशेप.
मग रबर. मग कुठल्यातरी कारखान्याचा
तेलकट गोडवा, बोटांना चिकटून राहणारा.
आत सहा नग. चार इंची, पाठ शेवाळी,
पोट बोंबलासारखं,
शेपटीला वल्ह्याचं पातं.
दोनशे ऐंशी रुपये.

आई म्हणाली, "जल्लां तुजा रबर.
एवऱ्या पैशान वाटाभर कोलबी येल, जिती."

खरं होतं. बापूस जिवंत कोळंबीच लावायचा,
शेपटीच्या दुसऱ्या पेरात, काळी रेघ चुकवून,
म्हणजे ती मरत नाही,
मरणाच्या आसपास फिरत राहते.
साळावच्या पुलाखाली तिसऱ्या खांबापाशी
त्याचीच जागा, कोणी मागायचं नाही.
मला मात्र कोळंबीची मिशी बोटाला लागली
की हात मागे यायचा.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
रबर म्हणून घेतलं.

शिकवलं कोर्लईच्या जेरोम रोचानं.
गरीचं टोक पोटातून काढून
पाठीच्या सालीत नुसतं टेकवून ठेवायचं,
तिवराच्या मुळांना कळत नाही,
जिताड्याला कळेपर्यंत उशीर होतो.
"मासा दाखवू नकोस," तो म्हणाला,
"मासे खाडीत रग्गड आहेत.
दुखणं दाखव."

म्हणजे टाक, बुडू दे, सात मोज.
मनगट एकदा झटक, निघाल्यासारखं.
मग थांब. जमत नाहीये, असं थांब.
पुन्हा अर्धाच झटका.

सुकतीला उघाडीतून पाणी सुटतं, चहाच्या रंगाचं.
त्या धारेच्या कडेला, पोटऱ्यांपर्यंत चिखलात,
मी एका रबराला कण्हायला शिकवत होतो.
जे टाळायला दोनशे ऐंशी मोजले
तेच मनगटात येऊन बसलं होतं.

पहिल्या दिवशी केंडांनी दोन शेपट्या नेल्या,
कात्रीनं कापाव्यात तशा.
तिसऱ्या दिवशी एक मुळांत गेला, दोरी तुटली.
त्याचं तिथे पुढे काय होईल
याचा विचार मी रात्री केला,
सकाळी नाही.

नवव्या दिवशी,
झटक्याला नव्हे, थांबलेलो असताना,
ठप्प.
पाण्यातल्या कुठल्याशा घराचं दार आपटावं तसं.
रीळ ओरडलं. जिताडा वर आला
कल्ले खडखडवत, तांबूस डोळ्यानं बघत,
माझ्याकडे नाही,
पुलावरून चाललेल्या मुरुडच्या एस्टीकडे.

साडेतीन किलो.
जेरोमनं फोटो काढला.
त्यात माझे डोळे मिटलेले आलेत.

आईनं विळीवर पोट उघडलं.
दोन बोयटं, अर्धी विरघळलेली,
आणि एक रबर.
माझं नव्हे. पांढरं, फुगलेलं,
शेपटी शाबूत. कोणाचं, कधीचं, कोण जाणे.
तिनं नाकाशी नेलं.
"बरीशेप," म्हणाली.
मांजर आलं, हुंगलं, गेलं.

मग तुकडे करता करता, वर न बघता,
"तुजा बापूसपन डोलं मिटाचा
कोलबी टोचताना."

मंग काली रेग?

"ती बोटान बगाचा."

पांढरं रबर मी साबणानं धुतलं.
आतड्यांच्या बादलीत टाकवेना,
खाडीत तर नाहीच नाही.
खिडकीत ठेवलंय, आईच्या मशेरीच्या डबीशेजारी,
आणि आता मशेरीलाही थोडा तोच वास येतो, ती म्हणते.

पाकिटात दोन उरलेत.
उद्या भांग. पाणी फारसं हलायचं नाही.